मुलांच्या व्यवसायोपचार केंद्रासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या समितीने लहान मुलांसाठी व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपीचे केंद्र सुरू करण्याचे ठरविले आहे. या कामासाठी पैसा, वस्तू आणि वेळ यांपैकी जे शक्य असेल ते आपण द्यावे, अशी विनंती करण्यासाठी हे निवेदन.

घास तोंडापर्यंत नेणे, दात घासणे, कपडे घालणे, पेन्सिल धरून लिहिणे, इतर मुलांत मिसळून खेळणे ही रोजची कामे मुलाला शक्य तितकी स्वतःची स्वतः करता यावीत, यासाठी हा उपचार असतो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना त्याची गरज असते, हे आता बरेच जण जाणतात. मात्र ज्यांच्या हालचालींचा मेळच नीट बसत नाही, अशी मुले सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. शालेय वयातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांना ही अडचण असते आणि त्यांच्या वाट्याला बहुधा ‘वेंधळा’, ‘आळशी’ अशी विशेषणेच येतात. या मुलांवर होणारा हा अन्याय थांबावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

उपचाराची सुरुवात मूल्यमापनाने होते, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा टप्पा हाच आहे. व्यवसायोपचारतज्ज्ञ आधी पालकांशी सविस्तर बोलतात, दिवसभरात मूल नेमके कुठे अडते हे विचारून घेतात, मग त्याला खेळताना, कात्री चालवताना, जिना चढताना पाहतात आणि गरजेनुसार प्रमाणित चाचण्या घेतात. त्यानंतर ठरणारे उद्दिष्ट ‘हातात ताकद यावी’ असे मोघम नसते. ‘शाळेत जाताना सदऱ्याची बटणे स्वतः लावता यावीत’ इतके ते नेमके असते. मग त्याच कामाच्या पायऱ्या पाडल्या जातात. बटण काजातून अर्धे ओवून द्यायचे आणि ते ओढून बाहेर काढण्याचे शेवटचे काम तेवढे मुलाकडे ठेवायचे. ते जमू लागले की एक पायरी मागे यायचे. काम पूर्ण केल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो आणि ही रीत शिकून घेतली की आईवडील घरीही ती रोज वापरू शकतात. आठवड्यातील एखाद-दुसऱ्या सत्राला घरच्या सरावाची जोड नसेल, तर प्रगती फारच सावकाश होते.

काही मुलांना सदऱ्याच्या कॉलरमागची पट्टी टोचते, गोंगाट असह्य होतो किंवा सतत उड्या मारल्याशिवाय चैन पडत नाही. अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संवेदनांच्या एकात्मीकरणाचा, म्हणजे स्पर्श, आवाज, तोल अशा संवेदनांची मेंदू कशी सांगड घालतो याचा विचार मांडला, तेव्हापासून अशा मुलांच्या उपचारात झोके, मोठे चेंडू, चढण्या-लोंबकळण्याची साधने यांचा वापर होत आला आहे. मात्र या क्षेत्रात मिळणाऱ्या प्रत्येक महागड्या वस्तूमागे सारखाच भक्कम पुरावा नाही. मूल शांत व्हावे म्हणून अंगात घालायच्या वजनदार जाकिटांच्या उपयोगाबद्दल तर अभ्यासांचे निष्कर्ष फारसे अनुकूल नाहीत, म्हणून देणगीतून आम्ही ती घेणार नाही.

जमा होणारा निधी मुख्यतः गरजू कुटुंबांतील मुलांचे मूल्यमापन आणि सुरुवातीच्या महिन्यांतील सत्रे यांसाठी वापरला जाईल, कारण खर्चाच्या धास्तीने पालक बहुधा याच टप्प्यावर मागे फिरतात. उरलेल्या रकमेतून छताला पक्का बसवलेला, भार तपासून घेतलेला झोका आणि त्याखाली जाड गाद्या घेतल्या जातील. सुरक्षिततेच्या खर्चात काटकसर करणे आम्हांला मान्य नाही. वस्तुरूपाने मदत करायची असल्यास ओवण्याचे मोठे मणी, लाकडी ठोकळे, मुलांच्या बोथट टोकाच्या कात्र्या, मातीचा गोळा, लिहिण्यासाठी उतरती फळी आणि मुलांच्या उंचीच्या खुर्च्या द्याव्यात. खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला टेकले, तरच हाताला स्थिरपणा येतो. वस्तू धुता किंवा पुसता येतील अशा असाव्यात. केंद्रात तीन वर्षांखालील मुलेही येणार असल्याने, सुटे होऊन तोंडात जातील असे बारीक भाग असलेली खेळणी कृपया देऊ नयेत.

उपचार केवळ पात्र तज्ज्ञच करतील. स्वयंसेवकांनी साधने स्वच्छ ठेवणे, सत्र चालू असताना भावंडांना सांभाळणे आणि एकट्या आलेल्या पालकांना सोबत करणे, ही कामे उचलावीत. ज्या व्यवसायोपचारतज्ज्ञांना आठवड्यातून काही तास देता येतील, त्यांची तर आम्हांला नितांत गरज आहे.

रोख देणगीची पावती जागेवरच दिली जाईल आणि जमाखर्चाचा तपशील दर महिन्याला समितीच्या फलकावर लावला जाईल. मुलांची नावे व छायाचित्रे मात्र कोठेही दिली जाणार नाहीत. आपल्या मुलाबद्दल शंका असलेल्या पालकांनी निदानाचा कागद हाती येण्याची वाट न पाहता समितीच्या कार्यालयात नाव नोंदवावे. देणगी, वस्तू आणि स्वयंसेवकांची नावेही तेथेच स्वीकारली जातील.

आपले नम्र,
समितीचे सर्व सदस्य