वाकाटकांचा वंश जुळवणारे वा. वि. मिराशी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अजिंठ्याला गेलेला माणूस चित्रे पाहून भारावतो, पण सोळाव्या लेण्याच्या बाहेरच्या भिंतीवरील झिजलेल्या शिलालेखापाशी सहसा कोणी थांबत नाही. हे लेणे करवून घेणारा वराहदेव हा प्राचीन विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्यातील नृपती हरिषेण याचा सचिव होता आणि या लेखात त्याने आपल्या धन्याची वंशावळ कोरून ठेवली आहे. ती वंशावळ बिनचूक लावून वाशीमची एक अख्खी राजशाखा इतिहासात परत आणण्याचे श्रेय ज्यांना प्रामुख्याने जाते, त्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्याविषयी आपल्या वृत्तपत्रातून चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

या लेखातील दोन राजांची नावे पूर्वीच्या वाचनांत रुद्रसेन आणि पृथिवीषेण अशी लावली गेली होती. ती दोन्ही नावे नागपूरकडच्या मुख्य शाखेत आढळत असल्याने कोणाला शंका येण्याचेही फारसे कारण नव्हते. पुढे १९३९ मध्ये वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. हे दानपत्र वत्सगुल्म, म्हणजे खुद्द वाशीम, येथून दिलेले होते, त्याची भाषा थोडी संस्कृत व बरीचशी प्राकृत होती आणि त्यात दात्याच्या पित्याचे नाव सर्वसेन असे होते. हा धागा हाती धरून मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, तेव्हा रुद्रसेनाच्या जागी सर्वसेन आणि पृथिवीषेणाच्या जागी विंध्यसेन, म्हणजे ताम्रपटातला विंध्यशक्तीच, ही नावे उभी राहिली. ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता म्हणून ज्याचे नाव आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञांनी घेतले होते, त्या सर्वसेनालाही त्यामुळे स्वतःचे घराणे व राजधानी मिळाली. झिजलेल्या दगडावरच्या दोन-चार अक्षरांनी एवढी उलथापालथ व्हावी, याचे मला आजही नवल वाटते.

मिराशी जन्माने कोकणातले, देवगडकडच्या कुवळे गावचे, आणि पेशाने संस्कृतचे प्राध्यापक. परंतु नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवत असताना त्यांनी विदर्भाचा प्राचीन इतिहास आपला मानला. कलचुरी, वाकाटक आणि शिलाहार या तिन्ही घराण्यांच्या कोरीव लेखांचे अधिकृत संग्रह त्यांनी एकहाती संपादित केले आणि ते अनुक्रमे १९५५, १९६३ व १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसरा संग्रह निघाला तेव्हा त्यांचे वय ८४ होते! शिवाय हे सारे केवळ इंग्रजी जाणणाऱ्यांपुरते न ठेवता ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’सारख्या ग्रंथांतून त्यांनी ते मराठीत आणले, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

त्यांचे प्रत्येक मत टिकलेच, असे नाही. मुख्य शाखेतील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे ते मानत. परंतु रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननानंतर प्रवरपूर तेथेच असावे, असे काही अभ्यासकांनी मांडले आणि त्या मताला चांगला आधारही आहे. मात्र हा वाद ज्या ताम्रपटांच्या आधारे घातला जातो, त्यांच्या पाठासाठी दोन्ही पक्षांना मिराशींचाच संग्रह उघडावा लागतो. गुप्तांचे ‘सुवर्णयुग’ शाळेत घोकलेल्या आपल्या पिढ्यांना मात्र गुप्त सम्राटाची कन्या आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही विदर्भात राज्यकारभार पाहत होती, हेसुद्धा पुष्कळदा ठाऊक नसते. हा दोष संशोधकांचा खचित नव्हे.

म्हणून आपल्या रविवारच्या पुरवणीसाठी एक सूचना करतो. दर आठवड्याला वाकाटकांचा एक ताम्रपट सोप्या मराठी अनुवादासह छापावा आणि त्यात आलेली दान दिलेल्या गावाची, शेजारच्या गावांची व नद्यांची नावे खाली वेगळी द्यावीत. त्या काळचे चर्मांक आज अचलपूरजवळ चम्मक म्हणून नांदते आहे. अशी आणखी किती नावे आपल्या परिसरात तग धरून आहेत, ते वाचकांनाच शोधू द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक