सही करायच्या आधी त्यांना झाडाखाली ने

ता. हिंगणघाट, जि. वर्धा
जानेवारी

प्रिय गजू,

तुझं पत्र मिळालं. मोहफुलाच्या लाडवांचं अन् सिरपचं काम तुमच्या गटांनी मनावर घेतलं, हे वाचून फार बरं वाटलं. मुंबईची डिझाइन एजन्सी उत्पादन तयार करून द्यायला राजी आहे, करारनामा हातात आहे, सही करू का, असं तू विचारतोस. राजा, अजून करू नको. एजन्सी नेमूच नये असं माझं म्हणणं नाही. आमची कापूस वेचणीची पिशवी एजन्सीशिवाय झालीच नसती. पण सहीच्या आधी काही गोष्टी ठरल्या पाहिजेत, आणि त्या तुम्हीच ठरवल्या पाहिजेत. म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे बाया कापूस कशा वेचतात ते तुला ठाऊकच आहे. जुन्या लुगड्याची ओटी कमरेला बांधायची, टोकं मानेमागं गाठ मारून घ्यायची. ओटी भरत जाते तशी पोटावर लोंबते, मान अन् कंबर दोन्ही पुढं ओढली जातात. सीतादहीची पूजा झाली की पहिला वेचा सुरू होतो, तो पार संक्रांतीपुढं चालतो. मजुरी किलोवर, त्यामुळं दुखलं तरी कुणी थांबत नाही. आमच्या शेतकरी कंपनीच्या बैठकीत एका मावशीनं विचारलं, "फवारणीच्या पंपाले पट्टे आले, आमच्या ओटीले काहून नाही?" त्या एका प्रश्नातून हे काम निघालं.

पुण्याची एक डिझाइन एजन्सी मिळाली. पहिल्याच फोनवर त्यांनी 'ब्रीफ' मागितलं, म्हणजे वस्तू कशी हवी ते लिहून द्या. आमच्या संचालकांपैकी काहींचं म्हणणं होतं, तज्ज्ञ ते आहेत, त्यांनाच लिहू द्या. मी अडून बसलो. 1929 साली अखिल भारत चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटी मी बैठकीत वाचून दाखवल्या. चरखा साध्या झोपडीत चालला पाहिजे, बाईला फार न थकता सलग आठ तास चालवता आला पाहिजे, तेवढ्या वेळात 16,000 यार्ड सूत निघालं पाहिजे, किंमत 150 रुपयांच्या वर जाता कामा नये आणि देखभाल करत तो 20 वर्षं टिकला पाहिजे. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. पण त्या अटी बघ. आकार कसा, लाकूड कोणतं, चाकं किती, यावर एक शब्द नाही. कोण वापरणार, कुठं, किती वेळ अन् किती पैशात, एवढंच सांगितलंय. बाकी डोकं कारागिरानं चालवायचं.

मग आम्ही वेचणाऱ्या बायांना घेऊन बसलो अन् त्यांच्या बोलीत लिहून काढलं. मानेवर वजन नको. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, दोन ओळींतून जाताना फांद्यांत अडकली नाही पाहिजे. घरी साबणानं धुता आली पाहिजे. फाटली तर गावातल्या शिलाई मशीनवर शिवता आली पाहिजे. किंमत एका दिवसाच्या वेचणीच्या मजुरीपेक्षा जास्त नको. ही शेवटची अट एजन्सीला जड गेली, पण तिच्यामुळंच पुढचे सगळे फालतू खर्च आपोआप गळाले.

पहिला नमुना आला तो नायलॉनच्या कापडाचा. हलका, मजबूत, रंग छान. आतून शिलाईला प्लास्टिकची पट्टी. आमच्याकडचा जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई करतात तिथला, माणूस तो हातात घेऊनच म्हणाला, हे शेतात नेऊ नका. कारण ऐक, ते कापसाच्या माणसाशिवाय सुचत नाही. प्लास्टिकच्या कापडाचा एक धागा निसटून कापसात गेला की जिनिंगमध्ये त्याचे बारीक तुकडे होतात अन् रुईत मिसळतात. ते निवडता येत नाहीत. सूतगिरणीत ते सुतात पिळले जातात, कापड विणलं जातं, आणि रंगवायला गेलं की तेवढे धागे रंगच घेत नाहीत. मग ठाण नाकारलं जातं. खताच्या पोत्यात कापूस भरू नका असं आपल्याला सांगतात ते यासाठीच. 2000 साली केंद्रानं कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केलं, त्यातही ही भेसळ कमी करणं हा मोठा भाग होता. एजन्सीची मुलं हुशार होती, पण हे त्यांना पुण्यात बसून कळायला मार्गच नव्हता. एका संध्याकाळी जिनिंगमध्ये उभं केल्यावर कळलं, आणि मग त्यांनी स्वतःहून मांजरपाट निवडला, दोराही सुती घेतला.

दुसऱ्या नमुन्यात खालच्या तोंडाला वेल्क्रो होता. पिशवी डोक्यावरून काढायची गरज नाही, खालून फर्रकन उघडायची अन् ढिगावर रिकामी करायची. कल्पना उत्तम. पण वेल्क्रोचे ते बारीक आकडे असतात ना, त्यांनी कापसाचे तंतू असे काही धरून ठेवले की थोड्याच वेळात पांढरी गादी झाली अन् ते चिकटेचना. एजन्सीच्या ज्या मुलीनं ते काढलं होतं तीच त्या दिवशी ओळीत वेचत होती. बोंडाच्या वाळक्या टोकांनी तिची बोटं ओरबाडली होती. तिनं तिथंच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून वेल्क्रो उसवला अन् एका काकूच्या परकराची नाडी मागून ओवली. आजही आमच्या पिशवीला नाडीच आहे. गजू, ती मुलगी शेतात नसती तर हीच गोष्ट फोटो, ईमेल अन् बैठका करत पुढच्या महिन्यात गेली असती, आणि तोवर वेचाच संपला असता.

पिशवी केवढी असावी यावर मात्र खरा वाद झाला, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एजन्सीनं हिशोब मांडला, पिशवी मोठी केली तर ढिगापर्यंतच्या खेपा कमी, वेळ वाचतो, बाईची कमाई वाढते. कागदावर बिनतोड. बायांचं मत पडलं, नको. कारण ढिगापर्यंत चालत जातो तेवढीच कंबर सरळ होते, तिथंच घोटभर पाणी होतं, एखादीचं लेकरू झाडाखाली निजलेलं असतं त्याच्याकडं नजर टाकता येते. खेप कमी केली तर तो विसावाच जातो. काही तरण्या पोरींना मोठी पिशवी हवी होती, तेही खरं. शेवटी मधला आकार ठेवला. वेळ वाचवला म्हणजे बाईचं भलं झालंच असं नाही, हे मी त्या धुऱ्यावर शिकलो.

आणि बाजूचा छोटा खिसा! तो पूर्णपणे त्या मावशीचा. कवडी कापूस, किडका-पिवळा, चांगल्यात मिसळला की भाव पडतो, हे तिला पक्कं माहीत. ती आधीपासूनच कवडी पदराच्या टोकात वेगळी बांधायची. तिनं म्हटलं, त्यासाठी जागा द्या. आता वेचतानाच निवड होते. एजन्सीनं अहवालात त्या खिशाला भारी नाव दिलं होतं. मी ते खोडून 'वेचणाऱ्या महिलांची सूचना' असं लिहायला लावलं.

एजन्सीचं श्रेयही सांगितलं पाहिजे. ओझं मानेवरून काढून खांदे अन् कमरपट्ट्यावर कसं वाटायचं, पट्टे पाठीवर कुठं छेदायचे, एका ठाणात किती पिशव्या बसतील असं कापड कसं बेतायचं, हे आम्हाला जन्मात जमलं नसतं. पट्ट्याची जागा दोन बोटं खाली आली अन् मावशीची मान मोकळी झाली. त्यासाठीच तर त्यांना पैसे द्यायचे.

आता तुझ्या करारनाम्याकडं येतो. तू पाठवलेल्या पानांत 'सर्व आराखडे एजन्सीच्या मालकीचे राहतील' असं एक वाक्य मधेच आहे. ते आधी काढायला लाव. पैसे दिले म्हणजे सगळे हक्क आपोआप आपल्याकडं येतात असं कायद्यात नाही. कॉपीराइट हस्तांतर लेखीच लागतं. त्यातही मुदत लिहिली नाही तर ते पाचच वर्षांचं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. म्हणून दोन्ही स्पष्ट लिहून घे. मूळ फाइली, साचे, पाककृतीची नेमकी मापं, ज्यांच्याकडून माल घ्यायचा त्यांची यादी, हे सगळं काम संपल्यावर तुमच्या ताब्यात आलं पाहिजे.

पैसे टप्प्याटप्प्यानं दे आणि प्रत्येक टप्पा दिसणाऱ्या गोष्टीला बांध. 'सादरीकरण झालं' हा टप्पा होत नाही. नमुना बायांनी वापरला अन् त्यांनी होकार दिला, हा टप्पा होतो. नमुने किती वेळा बदलून मिळतील, त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च कुणाचा, हे आत्ताच विचार. कोटेशनमध्ये जीएसटी वेगळा असेल, तो 18 टक्के आहे, बजेटमध्ये धर.

आमची पिशवी नागपूरच्या कृषी प्रदर्शनात मांडायची सगळ्यांना घाई होती. आधी डिझाइन नोंदणीचा अर्ज केला, मगच मांडली. वस्तू आधीच लोकांसमोर आली तर नवेपणा गेला म्हणून नोंदणी नाकारली जाऊ शकते. नोंदणी मिळाली की 10 वर्षं, पुढं आणखी 5. ती फक्त आकाराला अन् दिसण्याला असते. तुमच्या लाडवाचं तसं नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ज्ञानावर पेटंट मिळत नाही, आणि नुसत्या मिश्रणावरही नाही. तुमच्या आजीबाईंना मोह किती भाजायचा अन् त्यात काय घालायचं ते ठाऊक आहे, तीच तुमची पुंजी. तेव्हा एजन्सीसमोर चूल पेटवायच्या आधी गुप्ततेचा करार करून घे. पॅकिंगच्या नावाची अन् चिन्हाची ट्रेडमार्क नोंदणी गटाच्याच नावानं कर, एजन्सीच्या नाही.

पण या सगळ्यापेक्षा मला काळजी तुमच्या हंगामाची आहे. आमचा वेचा तरी महिनोन्‌महिने चालतो. तुमचा मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो आणि संपतो. करारात काम मे महिन्यात सुरू होणार असं लिहिलंय. म्हणजे ते गोदामातलं वाळकं फूल बघून उत्पादन ठरवणार! ताजं फूल त्यांच्या नजरेस पुढच्या वर्षीच पडेल. बाया पहाटे अंधारात टोपली घेऊन निघतात, पडलेली फुलं वाकून एकेक उचलतात, ती अंगणात वाळतात तेव्हा माती अन् धूळ लागते, हे त्यांनी पाहिलं पाहिजे. फुलं दिसावीत म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात अन् त्यातून वणवा लागतो, हेही. कदाचित पाहिल्यावर ते म्हणतील, लाडवाच्या आधी झाडाखाली बांधायची जाळी अन् वाळवायचा उंच मांडव करू. स्वच्छ फूल आलं तर पुढं लाडू, सिरप, काहीही होईल. माझं मन तर तिकडंच झुकतं, पण ठरवू दे तुमच्या बायांना.

तेव्हा त्यांना कळव की काम मार्चमध्ये सुरू होईल, आणि जो माणूस प्रत्यक्ष आराखडा काढणार आहे तोच येऊन गावात राहील. साहेब लोक येऊन फोटो काढून गेले तर ते मोजू नको. याला ते तयार नसतील तर दुसरी एजन्सी बघ. वर्ध्याला एमगिरी, म्हणजे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, ग्रामोद्योगांच्या वस्तूंवरच तिथं काम चालतं, मी तुझ्यासोबत येतो. एकदा विचारून तर बघू.

आणि सहीच्या आधी गटाच्या बैठकीत करार मराठीत वाचून दाखव. सगळा. आमच्याकडं वाचताना एका काकूनं विचारलं होतं, "पिशवी चालली नाही तर पैशाचं काय?" वकिलाच्याही नजरेतून ते सुटलं होतं. त्या एका प्रश्नामुळं शेवटचा हप्ता वेचा संपल्यावर द्यायचा असं ठरलं.

करारनाम्याची सगळी पानं स्वच्छ फोटो काढून पाठव, मागच्या वेळी दोन पानं धूसर होती. रविवारी आमच्या वकिलाला दाखवतो, खुणा करून परत पाठवतो. ग्रामसभेचं काय म्हणणं आहे तेही कळव. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
दोस्त