खनिजातले पाणी आणि डब्याचे २५ ठोके

संपादक महोदय,

गोव्यात खाणी पुन्हा सुरू झाल्यापासून चर्चा होते ती रॉयल्टीची, ट्रकांची आणि धुळीची. जहाजात भरल्या जाणाऱ्या लोहखनिजाच्या भुकटीत पाणी किती, हे कुणी विचारत नाही. मुरगावहून माल घेऊन निघणाऱ्या तारवट्यांचा, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा जीव मात्र त्या पाण्यावर टांगलेला असतो.

लोहखनिजाची भुकटी वरून कोरडी दिसली तरी आत पाणी मुरलेले असते. जहाज निघाले की इंजिनाच्या थरथरीने आणि लाटांच्या हेलकाव्यांनी माल खाली बसत जातो. कणांमधली जागा आक्रसते, पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. ज्या ढिगावर माणूस चालून गेला, तोच चिखलासारखा वाहू लागतो. खनिज जड असल्याने जहाजाचे खण अर्धेही भरत नाहीत, म्हणजे सरकायला जागा भरपूर. जहाज एका अंगाला कलले की चिखल तिकडे धावतो आणि सगळा परत येत नाही. प्रत्येक हेलकाव्याला कल वाढत जातो. २००९च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ ही दोन जहाजे बुडाली, तेव्हा दोन्हींवर हाच माल होता.

नियम आहेत, आणि चांगले आहेत. सुट्या घन मालाच्या समुद्री वाहतुकीची आंतरराष्ट्रीय आयएमएसबीसी संहिता १ जानेवारी २०११पासून बंधनकारक आहे. लोहखनिजाच्या भुकटीचे स्वतंत्र प्रकरण २०१७पासून लागू झाले. माल सुरक्षितपणे नेता येईल अशी आर्द्रतेची कमाल मर्यादा आणि मालातली प्रत्यक्ष आर्द्रता, हे दोन्ही आकडे माल पाठवणाऱ्याने कप्तानाला लेखी द्यायचे असतात. प्रत्यक्ष आर्द्रतेची चाचणी भरणीच्या आधी सात दिवसांहून जुनी चालत नाही. मधे जोराचा पाऊस झाला तर ती पुन्हा करावी लागते.

घोळ होतो तो नमुन्यात. ढिगाचा वरचा थर उन्हाने वाळतो, पाणी तळाशी उतरते. हाताला येईल तिथून फावडेभर माल उचलला की कागदावरचा आकडा सुंदर येतो, आणि तो खोटा असतो. नमुना ढीग खणून, आतून आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यायला हवा. शिवाय चाचणीनंतर माल बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीत पडतो आणि नदीतून येतो. मे महिन्यातली एखादी सर किंवा ऑक्टोबरातला परतीचा पाऊस उघड्या बार्जवर कोसळला, तर आधीच्या प्रमाणपत्राला काही अर्थ उरत नाही.

आणि इथेच आंतरराष्ट्रीय नियमांचा हात आखडतो. तारवट्यांच्या प्रशिक्षणाचा १९७८चा एसटीसीडब्ल्यू करार समुद्रात जाणाऱ्या जहाजांपुरता आहे. मांडवी-जुवारीतल्या बार्जचा खलाशी किंवा जेटीवर नमुना घेणारा मजूर त्यात बसत नाही. माल भिजतो तो यांच्या डोळ्यांसमोर. म्हणून राज्य सरकार, बंदर आणि निर्यातदार यांनी मिळून या लोकांना शिकवावे. ताडपत्री कधी आणि कशी ओढायची, पावसाची नोंद वेळेसह कशी ठेवायची, तळाशी साचलेल्या पाण्यासकट माल का उपसू नये, एवढे शिकायला दोन दिवस पुरतील.

डब्याची चाचणी तर सगळ्यांनाच यावी. अर्धा ते एक लिटरचा गोल डबा भुकटीने अर्धा भरायचा आणि २० सेंटिमीटरवरून कठीण जमिनीवर २५ वेळा जोराने आपटायचा, दोन ठोक्यांत एक-दोन सेकंद ठेवून. वर पाणी सुटले किंवा माल पातळ झाला, तर भरणी थांबवून प्रयोगशाळेची चाचणी पुन्हा घ्यायची. मात्र डबा कोरडा राहिला म्हणजे माल सुरक्षित आहे असे मुळीच नाही. हा गैरसमज जीवघेणा आहे. क्रेनच्या ग्रॅबमधून (पंजातून) पडणाऱ्या मालाचे शिंतोडे खणाच्या भिंतीला चिकटत असतील, तर तीही धोक्याची खूण समजावी.

भरणी थांबवणाऱ्या कप्तानावर दिवसाच्या भाड्याचे दडपण येते. जीविताच्या सुरक्षेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयात मालकाने किंवा जहाज भाड्याने घेणाऱ्याने आड येऊ नये, असे समुद्रातल्या जीवितसुरक्षेच्या सोलास कराराच्या पाचव्या प्रकरणात स्पष्ट लिहिले आहे. मुरगावात भरणीला लागणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या एजंटाने हे कलम मराठीत आणि कोंकणीत जेटीवर लावावे, म्हणजे कप्तानाने काम का थांबवले ते खालच्या माणसालाही कळेल.

आपला,
एक वाचक, वास्को