मास्तर, तुम्ही मांडी घातलीत त्याबद्दल

नमस्कार मास्तर,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही ते न वाचताच डॅशबोर्डच्या खणात, आरसी आणि पीयूसीच्या कागदांत कोंबून ठेवलं असतंत. तोंडावर आभार मानायला आलो होतो तेव्हा 'बरा, बरा' म्हणालात आणि पुढच्या पोराला हाक मारलीत. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. इथून उठून जाता येणार नाही.

परवा पोस्टमनने हेवीचं, म्हणजे ट्रक चालवायचं, लायसन आणून दिलं. आईने आधी ते देवापुढे ठेवलं, मग शेजारी दाखवायला नेलं. मला ते कार्ड बघून आठवले ते तुमचे पाय. वाचणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटेल, पण पायांचं पुढे सांगतो.

आधी ज्यांचे आभार मानायचे नाहीत त्यांच्याबद्दल थोडं. नाव घेत नाही. ओळखणारे ओळखतील, कारण त्यांच्याकडे शिकलेले, म्हणजे फी भरलेले, अर्ध्या तालुक्यात आहेत.

मुंबईची कंपनी बंद झाली आणि मी कणकवलीला परत आलो. घरचा पिकअप होता, तो चालवत होतो. त्याला साधं लायसन पुरतं. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला वेगळं लायसन लागत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. पण पिकअपवर घर किती चालणार? आंब्याचे चार महिने धावपळ, मग पावसाळाभर गाडी पडवीत. मेहुण्याने दहाचाकी घ्यायची ठरवली. कासार्ड्याची सिलिका, चिरा, परतीला कोल्हापूरहून जे मिळेल ते. म्हणाला, ड्रायव्हर ठेवण्यापेक्षा तूच हेवी काढ. पस्तिशी उलटलेली, तरी हो म्हटलं आणि शाळा शोधायला लागलो.

आपल्याकडे शाळा शोधतो म्हणजे काय करतो? आरटीओत कोणाची ओळख आहे ते विचारतो. गाडी कोण शिकवतो हे कोणी विचारतच नाही. मला ज्याने त्याने एकच नाव सांगितलं. मोठं ऑफिस, काचेचं दार, भिंतीवर गणपती आणि फीचा फलक. तिथले साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, 'तुम्हाला गाडी येते ना? मग रोज यायची गरजच नाही. टेस्टच्या दिवशी या, बाकी आम्ही बघतो.' मी म्हटलं, मला ट्रक येत नाही, तेवढ्यासाठीच आलोय. जड गाडीसाठी सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रात सहा आठवड्यांत ३८ तास शिकवायचे असा नियम २०२१ पासून आहे, तो मी वाचून गेलो होतो. ३८ ऐकून साहेब हसले. 'ते मोठ्या सेंटरना. इथे एवढं डिझेल कोण जाळणार?'

तरीही मी जात राहिलो, पैसे भरले होते. मागच्या बाकावर आम्ही सहा-सात जण कोंबून बसायचो आणि एकेकाला हायवेच्या सर्व्हिस रोडवर दहा-दहा मिनिटं मिळायची. शिकवणाऱ्याचा एक कान फोनला. आणि त्याचे दोन्ही पाय त्याच्या बाजूच्या पेडलवर. शाळेच्या गाडीला डबल पेडल असतात हे मला माहीत होतं, असायलाच हवेत. पण त्याचं काय व्हायचं सांगतो. मी क्लचवर पाय ठेवायचो आणि दाबायच्या आधीच पेडल आपोआप खाली जायचं. माझ्या चपलेखालून ते निसटत असल्याचं कळायचं. ब्रेकचंही तेच. गाडी छान उचलायची, छान थांबायची आणि तो फोनवरून मान न वळवता म्हणायचा, 'जमतंय की तुम्हाला.' माझ्या हातात फक्त स्टेअरिंग होतं. तेही सरळ रस्त्यावर.

एके दिवशी ऑफिसात बोलावून रजिस्टर पुढे केलं. कोणी कधी किती वेळ गाडी चालवली त्याची नोंद ठेवायची असते, नमुना १५ म्हणतात त्याला, त्यात शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याची दोघांचीही सही लागते. त्यात पुढच्या तारखाही भरून ठेवलेल्या होत्या. 'एका दमात करून टाका सह्या.' मी केल्या नाहीत. मग आवाज चढला, तुम्हीच एकटे शहाणे वगैरे झालं. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. ते हे वाचत असतील तर आठवण म्हणून लिहितोय.

तुमच्याकडे आलो तो काही शोध लावून नव्हे. चिऱ्याच्या गाडीवरच्या एका ड्रायव्हरने चहाच्या टपरीवर सांगितलं: आत गावात जुनी खाण आहे, तिथे एसटीतून रिटायर झालेला माणूस शिकवतो, पण तो लायसन काढून देत नाही, गाडी शिकवतो. त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं!

तुमचं ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड. मी खिशातून पैसे काढले तर तुम्ही म्हणालात, 'पैसे मगे. आधी मागे बसान बघ.' एका मुलाचा अख्खा धडा मी मागे बसून बघितला. शाळा निवडायला निघालेल्यांनो, एवढं एक करा. पैसे भरायच्या आधी एक धडा बघू द्या म्हणून सांगा. जो नाही म्हणेल तिथून उठा. आणि बघताना शिकणाऱ्याकडे नका बघू, शिकवणाऱ्याच्या पायांकडे बघा.

त्याच दिवशी एक पोरगा आला होता. त्याचं साधं लायसन काढून वर्ष व्हायचं होतं आणि वर्षभर जुनं असल्याशिवाय हेवीचं लर्निंग मिळत नाही. दुसरीकडे कुठे तरी त्याला 'होऊन जाईल' म्हणाले होते. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि तारीख बघून परत पाठवलंत. धंदा दारातून परत पाठवणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी बघितला.

पहिला आठवडा गाडी सुरूच केली नाहीत तुम्ही, मला राग आला होता. टायरवर रॉड मारून आवाज ऐकायला शिकवलंत. ब्रेकच्या हवेचा काटा भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे शिकवलंत. मला वर सीटवर बसवून तुम्ही स्वतः डाव्या बंपरच्या कोपऱ्याला उकिडवे बसलात आणि ओरडलात, 'मी दिसतंय काय?' काचेतून नाही, आरशातून नाही, कुठेच दिसत नव्हतात. मग म्हणालात, शाळेची पोरं सायकल घेऊन नेमकी हयच येतत. त्यानंतर डाव्या वळणाला माझी मान आपोआप जाते.

घाटाचंही तसंच. फोंडाघाटाच्या बाजारातून वर दाजीपुरापर्यंत आणि परत. उतरताना न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे बहाद्दर आपल्याकडे कमी नाहीत. तुम्ही एकच वाक्य बोललात: 'ब्रेक थांबूक आसता, घाट उतरूक नाय. ज्या गिअरात चढलंस, त्याच गिअरात उतर.' न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी धरत नाही, हे सगळं मग वाटेत गाडी बाजूला घेऊन सांगितलंत. ड्रमजवळ हात नेऊन धग बघायला लावलीत. एवढं साधं, पण आधीच्या ठिकाणी घाट हा शब्दसुद्धा कोणी काढला नव्हता. कोकणात ट्रक चालवायचा म्हणजे माल घेऊन कधी ना कधी सह्याद्री चढायचाच! का रो-रोवर घालून न्यायची गाडी? (लहानपणी कणकवली स्टेशनात मालगाडीवर बसून चाललेले ट्रक बघायला आम्ही पळायचो. कोकण रेल्वेने १९९९ साली सुरू केलं ते, कोलाडहून गोव्यात वेर्ण्यापर्यंत. तुम्हाला हे सांगितलं तर म्हणालात, त्यातले ड्रायव्हर झोपलेले असतत, तुका झोपाची घाय आसा काय?)

आता ते पाय.

खाणीतून वर रस्त्याला येणारा तो चढ. रोज तिथे माझी गाडी बंद पडायची किंवा मागे सरकायची. क्लच सोडायची ती जागा पायाला सापडत नव्हती, कारण इतके दिवस ती दुसऱ्याच्या पायाने शोधून दिली होती. त्या दुपारी तुम्ही चढाच्या मध्यावर गाडी उभी करायला लावलीत. आरशात मागे बघितलंत, रस्ता मोकळा होता. क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाशी उभा होता. मग तुम्ही चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतलेत आणि सीटवर मांडी घातलीत. पंगतीला बसतो तशी. वर पुडी काढून तंबाखू मळायला लागलात.

मी तुमच्याकडे बघत राहिलो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'माका काय बघतंस? गाडी तुझी.'

मी क्लच दाबला. तो जड लागला. मास्तर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो मला जड लागला, कारण पहिल्यांदाच तो फक्त मी दाबत होतो. हळूहळू सोडत आणला आणि एका जागी अख्खी केबिन किंचित थरथरली, समोरचं बॉनेट दोन बोटं उचललं. तीच ती जागा. पार्किंग ब्रेक सोडला. गाडी मागे गेली नाही. वर रस्त्याला लागलो तेव्हा तुम्ही तंबाखू दाढेखाली ठेवत होतात आणि शाबासकी वगैरे काही नाही, 'डावीकडे घे' एवढंच.

बायकोला मी हे रात्री सांगितलं तर ती म्हणाली, यात काय मोठंसं? तिला कसं सांगू. मुंबईची नोकरी गेल्यापासून ज्याला त्याला वाटत होतं की याला कोणी तरी सांभाळून घेतलं पाहिजे. मेहुणा सांभाळून घेत होता, आई घेत होती, त्या शाळेतला फोनवाला तर पेडलसकट सांभाळून घेत होता. आणि तुम्ही, ज्यांची स्वतःची गाडी, स्वतःचा जीव त्या केबिनमध्ये, तुम्ही पाय वर घेतलेत. ठोकळा होता, रस्ता रिकामा होता, तुम्ही सगळं बघून केलंत, हे मला नंतर कळलं. त्यामुळे त्याची किंमत वाढलीच. पोकळ धीर देणारे पुष्कळ भेटले होते; आधी चाकामागे ठोकळा ठेवून मग धीर देणारे तुम्हीच.

टेस्टबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ओरोसला आरटीओत गेलो, तिथल्या साहेबांनी चढावर थांबवून गाडी काढायला लावली, काढली. बाहेर एक एजंट विचारत होता, कोणाकडून आलात. तुमचं नाव सांगितल्यावर म्हणाला, 'मग बरोबर.' त्या माणसाशी माझं पटण्यासारखं काही नव्हतं, पण तेवढ्यापुरतं पटलं.

मी हल्ली विचार करतो की तुम्हाला हे असं करायची सक्ती कोणाची होती? तुमच्या पोरांनी घाट उतरताना काय केलं ते बघायला कोणी येणार नाही. रजिस्टर भरलेलं असलं की झालं. आमच्याकडे देवगडला पेटी भरताना खालच्या थराला बारका आंबा घालणारे आहेत आणि वरच्यासारखाच खालीही लावणारे आहेत. वाशीच्या मार्केटात दोन्ही पेट्या बाहेरून सारख्याच दिसतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांमुळे आपल्या हापूसचं नाव टिकलंय, आणि त्यांचा सत्कार कोणी करत नाही. करायला गेलं तर तेही 'बरा, बरा' म्हणून पुढच्या पेटीकडे वळतील.

दहाचाकी आलीय. निळी आहे. मेहुण्याने मागे काय लिहायचं ते विचारलं होतं, मी म्हटलं काही लिहू नको, आधी हप्ते फेडू. पहिली खेप करूळ घाटाने नेऊ की फोंड्याच्या, यावर घरात वाद आहे. तुमचं मत कळवा, म्हणजे वाद मिटेल.

आणि एक काम आहे. माझा मामेभाऊ येत्या सोमवारी तुमच्याकडे येणार आहे. अंगाने दांडगा, मोटरसायकल वाऱ्यावर चालवतो, हेवी लगेच पाहिजे म्हणून घर डोक्यावर घेतलंय. त्याला अजून वीस पूर्ण नाहीत. ट्रान्सपोर्टच्या लायसनला वीस लागतात हे मी त्याला सांगून बघितलं, तो म्हणतो ओळखीने होतं. तुम्ही त्याला परत पाठवणार हे मला माहीत आहे. तरी पाठवतोय. चहा द्या, डाव्या बंपरच्या कोपऱ्याला एकदा बसवा, आणि तुमच्या तोंडाने नाही म्हणून सांगा. माझं तो ऐकत नाही.

तुमचा,
चढावर रोज गाडी बंद पाडणारा