कौशल्य विकास मंत्र्यांना सोलापुरातल्या एका टॉवेल कारखानदाराचं खुलं पत्र

मा. मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

साहेब, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, बारा माणसं कामाला. गेल्या वर्षी बीकॉम फर्स्ट क्लास झालेला एक पोरगा नोकरी मागायला आला. म्हटलं, हैदराबादला माल जातोय, जरा ई-वे बिल काढ. पोरगा स्क्रीनकडं नुसता बघत बसला. 50 हजाराच्या वरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ते बिल लागतं, हे त्याला तीन वर्षांत कुणी दाखवलंच नव्हतं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या बिचाऱ्याच्या. त्याची काय चूक? ठेवून घेतला, दोन महिन्यात बिलं, जीएसटी, सुताचा स्टॉक सगळं बघायला लागला, आज तो सुट्टीवर गेला की माझंच अडतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) 2024 च्या अहवालात आहे, 2022 साली देशात पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी 29.1 टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांची 3.4. आता ज्याला शिक्षण नाही त्याला घरी बसणं परवडतच नाही, मिळेल ते काम करतो, हे मान्य. पण आईनं विड्या वळून शिकवलेला पोरगा अभ्यासिकेत भरतीची वाट बघत पंचविशी ओलांडतो नाहीतर पुण्याची गाडी धरतो, हे बघवत नाही हो.

तुमची युवा कार्य प्रशिक्षण योजना चांगली, पदवीधराला महिना 10 हजार मिळतात, पण ती डिग्री झाल्यावर, आणि मुदत संपली की पोरगं परत घरी. माझं म्हणणं एवढंच की हे काम शिकणं डिग्रीतच घाला. शेवटच्या वर्षी निदान सहा महिने कारखान्यात, सीएच्या ऑफिसात, मार्केट यार्डात, आणि त्याचे मार्क धरा.

कायदा आहेच की, 1961 चा अप्रेंटिस कायदा, चार किंवा त्याहून जास्त माणसांचा कारखाना अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार घेऊ शकतो, केंद्र स्टायपेंडचे 25 टक्के, 1500 पर्यंत, देतं. पण माझ्यासारख्यानं लूम बघायचे का पोर्टलवर कागद चढवायचे? ते काम जिल्ह्याच्या रोजगार कार्यालयाकडं द्या, त्यांनी कॉलेज आणि कारखान्यांची गाठ घालून द्यावी. आणि छोट्या कारखान्यात पहिले सहा महिने तरी निम्मा स्टायपेंड सरकारनं उचलावा.

जूनमध्ये कॉलेजं चालू होतील, त्याच्या आधी सोलापुरात एवढं करून बघा. पहिली दोन पोरं मी घेतो.

आपला,
एक टॉवेल कारखानदार, सोलापूर