टक्केवारी छापण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चित्रपट महोत्सवांच्या बातम्यांत ‘प्रायोगिक विभागात महिला दिग्दर्शक इतके टक्के’ हे वाक्य हल्ली हमखास असते. तो आकडा निघाला कसा, हे मात्र कोणी विचारत नाही. समजा, विभागात 12 चित्रपट आहेत आणि त्यातले 4 महिलांचे. म्हणजे 33 टक्के. पण हे चारही पाच-पाच मिनिटांचे आणि उरलेले आठ मिळून 100 मिनिटांचे असतील, तर पडद्यावरचा महिलांचा वाटा जेमतेम 17 टक्के. प्रायोगिक चित्रपट दीड मिनिटाचाही असतो नि दीड तासाचाही. इथे नुसती नावे मोजून भागत नाही. मिनिटे मोजावीत, खेळ सकाळी दहाचा होता की संध्याकाळचा तेही नोंदवावे. मानधन कोणाला मिळाले, हे तर नक्कीच.

निवडलेल्यांइतक्याच आलेल्या प्रवेशिका महत्त्वाच्या. 300 प्रवेशिकांत महिलांच्या 30च असतील, तर निवड समितीला धारेवर धरून उपयोग नाही. गळती आधीच झालेली असते. प्रवेश शुल्क किती, आवाहन फक्त इंग्रजीत होते का, ते पोहोचले कुठे, हे तपासावे.

जातीची नोंद सर्वांत नाजूक. आडनावावरून जात ताडणे ही आपली जुनी खोड. तसा तक्ता सरळ फाडून टाकावा. जात विचारणारा अर्ज ऐच्छिक हवा, त्यात ‘सांगायचे नाही’ हा पर्याय हवा आणि तो निवड समितीच्या हाती पडता कामा नये. बारा जणांच्या यादीत ‘दलित : 1’ छापले की ती व्यक्ती कोण, हे गावभर होते. म्हणून पाचपेक्षा लहान आकडा सुटा छापू नये, तीन-चार वर्षांची बेरीज द्यावी.

पडद्यावर कोण दिसते, याचा हिशेब इथे वेगळा. फिल्मवर थेट ओरखडे काढून केलेल्या चित्रपटात माणूसच नसतो. ‘दोन स्त्रिया एकमेकींशी बोलतात का’ ही कसोटी तिथे काय कामाची? जुने फुटेज वापरले असेल तर मात्र विचारावे, की ते चित्रित कोणी केले होते, दिसणाऱ्यांची संमती होती का आणि निवेदन कोणाचे आहे.

खरी मेख आहे ती ‘प्रायोगिक’ कशाला म्हणायचे, यात. न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्ज या प्रायोगिक चित्रपट जपणाऱ्या आणि दाखवणाऱ्या संस्थेची (स्थापना 1970) ‘अत्यावश्यक चित्रपटां’ची यादी प्रसिद्ध आहे, ती ठरवणारे पाचही जण पुरुष होते. आपल्याकडे चित्रकार अकबर पदमसी यांच्या मुंबईतील व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये चित्रकार नलिनी मालानी 1969 पासून फिल्मवर प्रयोग करत होत्या, पण ते काम प्रेक्षकांसमोर यायला कित्येक दशके गेली. आणि 1980 मध्ये बंगळुरूत सुरू झालेला ‘युगांतर’ हा स्त्रीवादी चित्रपट गट? पुण्यातील घरकामगार महिलांवरचा त्यांचा ‘मोलकरीण’ (1981) आणि निपाणीच्या तंबाखू कामगार महिलांवरचा 1982 चा चित्रपट त्या बायकांच्या सहभागानेच घडले. ते माहितीपटांच्या खणात गेले, त्यामुळे प्रायोगिक विभागाच्या मोजणीत येतच नाहीत. शिवाय श्रेय गटाचे. ‘दिग्दर्शक’ या रकान्यात एकच नाव मागणारा तक्ता तिथे अडतो. सामूहिक श्रेयाला स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि मोजणीआधी माहितीपट, अ‍ॅनिमेशन व व्हिडिओ-कलेच्या याद्याही चाळाव्यात.

टक्केवारी छापताना आपल्या वार्ताहरांनी एकूण प्रवेशिका आणि एकूण मिनिटे एवढे दोन आकडे मागितले, तरी आयोजकांना तक्ता ठेवणे भाग पडेल.

आपले,
प्रायोगिक चित्रपटांचे दोन वाचक-प्रेक्षक, पुणे