पानांचं गणित समजावलंत, थँक्यू काका!

काका, नमस्कार. हे असं सगळ्यांसमोर लिहितेय कारण तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं चल, काहीतरीच" म्हणून विषयच बदलता.

एप्रिलमध्ये सांवेरच्या शेतावर दादाला टेन्शन आलेलं, आदल्या संध्याकाळी पाणी दिलंय, माती हाताला ओली लागतेय आणि तरी दुपारी चाऱ्याच्या मक्याची पानं सुरळी होऊन उभी! कोणी म्हणे कीड, कोणी म्हणे खत कमी पडलं, एका दुकानदाराने तर औषधाची बाटली काढूनच ठेवली होती. तुमचे गुडघे दुखतात तरी इंदूरहून आलात आणि मातीचं नंतर, आधी हवेचं विचारलंत.

तुमचा हिशोब मी वहीत उतरवून घेतलाय. पान हवेइतकंच तापलंय असं धरलं तर ४० डिग्री आणि २० टक्के आर्द्रतेला हवा पानातून पाणी ओढते त्याचा जोर जवळजवळ ५.९ किलोपास्कल (हे दाबाचं माप), आणि श्रावणात ३० डिग्री, ७० टक्के असताना जेमतेम १.३. म्हणजे साडेचार पट! मुळं इतक्या झपाट्याने पाणी वर पाठवू शकत नाहीत, मग माती ओली असून काय उपयोग, पान आपली रंध्रं, म्हणजे पाण्याची वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रं, बंद करायला लागतं.

आणि रंध्रांचा ठसा घ्यायला ते नेलपॉलिश, वहिनी अजून हसते. पानाच्या खालच्या बाजूला लावायचं, वाळलं की सेलोटेपने काढून काचेवर चिकटवायचं, मायक्रोस्कोपखाली मक्याची रंध्रं ओळीने आणि मुगाची कशीही विखुरलेली. रंध्राच्या दोन बाजूंना ज्या दोन रक्षक पेशी असतात त्यांत पोटॅशियम शिरलं की मागोमाग पाणी जातं, त्या फुगतात आणि मधली फट उघडते. कोरड्या हवेत पान स्वतःच अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड नावाचं संप्रेरक (हार्मोन) बनवतं, मग पोटॅशियम बाहेर, पाणी बाहेर, फट बंद. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की हवा एकदम कोरडी झाली तर आधी थोडा वेळ रंध्रं उलट जास्तच उघडतात, कारण आजूबाजूच्या पेशी आधी ढिल्या पडतात आणि त्यांचा दाब कमी होतो.

आता फट बंद म्हणजे कार्बन डायऑक्साइडही आत येणार नाही, अन्न बनणं मंदावणार, वर पान तापणार ते वेगळंच. फुकट काहीच नाही. म्हणून तुम्ही सांगितलेली ती जपानहून अमेरिकेत नेलेली सोयाबीनची जात दादाच्या डोक्यात बसलीय, हवेची ओढ २ किलोपास्कलच्या वर गेली की ती पाणी सोडणं वाढवतच नाही. माळव्यात पावसाने ताण दिला की असंच जमिनीत वाचलेलं पाणी शेंगा भरायला कामी येईल, मला तरी हे पटतं, फक्त चांगल्या पावसाच्या वर्षी अशी कंजूष जात उत्पन्नात थोडी मागे पडू शकते, हेही तुम्हीच सांगितलंत.

संध्याकाळी मक्याची पानं परत सरळ झाली आणि बाटली दुकानातच राहिली, तेवढे पैसे वाचले! जूनमध्ये पेरणीआधी दादा बियाण्याचं विचारायला येईल. मायक्रोस्कोप अजून आमच्या चिंटूकडेच आहे, रोज कुठलं तरी पान घेऊन बसतो, सुट्ट्या संपल्या की आणून देते.